फौजींचे पंखे

नगरहून आणलेल्या पाच पंख्यांच्या वायरी मी सोलल्या, एकत्र पिळल्या, वरून चिकटपट्टी गुंडाळली आणि कॉम्प्युटरच्या मदरबोर्डावरच्या एकाच पिनेवर चढवल्या. लग्नाच्या मांडवात एका बोर्डावरून दहा-दहा हॅलोजन ओढलेले मी उभा जन्म बघत आलो. तळहाताएवढ्या पंख्यांचं काय एवढं, असं वाटलं. बटण दाबलं. पाचही पंखे फिरले, त्यांचे निळे-तांबडे दिवे लागले. मी बायकोला हाक मारली, "अगं, बघ तरी!" ती पदराला हात पुसत येईपर्यंत आतून धूर निघाला होता. ती म्हणाली, "बघितलं," आणि परत गेली.

ते खोकं मोटरसायकलवर बांधून मी फौजींच्या दुकानात नेलं. त्यांनी आत डोकावलं. काळी पडलेली पिन बघितली, माझा पीळ बघितला, चिकटपट्टीचा वास घेतला आणि माझ्या कानाखाली आवाज काढला. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होतो. पाथर्डीत माझा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ होता आणि दोन मुली कॉलेजात होत्या. त्याआधीची थोबाडीत मी सातवीत खाल्ली होती, पण सवय मोडलेली नव्हती. हात आपोआप गालावर गेला आणि तोंडातून "चुकलं" बाहेर पडलं.

"चुकलं न्हाई," फौजी म्हणाले. "मुडदा पाडलायस तू त्याचा."

फौजी सैन्यात रणगाड्यांच्या इंजिनांचे मिस्त्री होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. साठीचा माणूस, छाती दाराएवढी, आणि हात असा, की स्क्रू फिरवताना सोनाराचा वाटावा आणि एरवी लोहाराचा. ते कुणाला नावानं हाक मारत नसत. मेडिकलवाल्याला "ए मेडिकल", तलाठ्याला "ए सातबारा", आणि मला "ए इस्टुडिओ". हट्टी स्क्रू निघाला नाही तर त्याला आईवरून शिव्या देत. बंद पडलेला प्रिंटर त्यांनी एकदा रस्त्यावर फेकला, तो समोरून येणाऱ्या जीपखाली गेला, तेव्हा त्यांनी जीपवाल्यालाच खाली ओढून बडवला. प्रिंटर ज्याचा होता ते गिऱ्हाईक हे सगळं बघून गुपचूप घरी गेलं.

पण शिकवावं त्यांनीच. माझी जळकी पिन माझ्याच नाकासमोर धरून ते म्हणाले, "फौजंत हुकूम एका वाटंनं जातो आन रसद दुसऱ्या वाटंनं. ही पिन हुकमाची. हिच्यातनं एका पंख्यापुरती रसद निघंल, फार तर दोन. तू अख्खी पलटण जेवायला बसवलीस." मग त्यांनी काडेपेटीएवढी एक पट्टी काढली, तिला हब म्हणतात. ती विजेच्या डब्याला थेट जोडली, म्हणजे रसद तिकडून आली. मदरबोर्डावरच्या दुसऱ्या, शाबूत पिनेवरून एकच बारीक तार घेतली, ती हुकमाची. पाचही पंखे त्या पट्टीवर बसले. "आता मालक म्हनला हळू, की समदे हळू. मालक म्हनला पळा, की समदे पळाले. पन्नास डिग्रीपत्तुर चालायचं, साठला पळायचं, सत्तरला हल्ला." मेंदूवरचा, म्हणजे प्रोसेसरवरचा, मूळचा पंखा मात्र त्यांनी वेगळा ठेवला. तो फिरताना दिसला नाही तर यंत्र उठतच नाही.

दुसरा धडा दुसऱ्या थोबाडीतीसह मिळाला. पाचही पंखे मी आत वारा मारतील असे बसवले होते. आमच्या भागात हे कुणीही करील. उन्हाळ्यात वारा म्हणजे आत यायची वस्तू. "घरी कूलर लावतोस?" त्यांनी विचारलं. "लावतो." "मागची खिडकी उघडी ठिवतोस का न्हाई?" "ठेवतो." "मग हितं का बंद केलीस?" आणि सट्‌कन दुसरा गाल. दोन पंखे त्यांनी पुढून आत घेणारे ठेवले, एक मागे आणि दोन वर बाहेर टाकणारे लावले. पंख्याच्या कडेवर बारीक बाण असतो, वारा कुठे जातो ते सांगणारा. आजही मी तो बाण आधी बघतो आणि गाल सांभाळतो.

गालावरची बोटं बायकोला दिसलीच. ती तशीच चपला घालून फौजींच्या दुकानात गेली आणि रस्त्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या नवऱ्याला अक्कल नाही हे मला ठाऊक आहे. पण त्याच्या अंगाला पुन्हा हात लावलात, तर तुमच्या शटरला बाहेरून कुलूप घालीन, तुम्ही आत असताना." फौजी खुर्चीवरून ताडकन उठले, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "जी, मॅडम." त्यानंतर माझी चूक झाली की ते भिंतीवर बुक्की मारायचे. त्या भिंतीचा गिलावा माझ्या नावानं पडलेला आहे.

दुकानाच्या मागे त्यांचं घर. मधे नुसता पडदा. कधी चहाला उशीर झाला की फौजी आत जायचे, मग काहीतरी आपटल्याचा आवाज व्हायचा, आणि ते बाहेर येऊन पुन्हा चिमट्यानं एवढीशी तार उचलायचे. पाठोपाठ त्यांची बायको, आमच्या काकू, चहा आणायच्या, खाली बघत. आम्ही बाकावर बसलेले बाप्ये एकमेकांना डोळे घालायचो. "आत तोफखाना हाय," कुणीतरी म्हणायचं, आणि मीही हसायचो. सगळ्यात मोठ्यानं मीच.

मग ते मे महिन्यातलं प्रकरण झालं. खर्ड्याकडच्या एका ऊसतोड कुटुंबातल्या मुलीचं लग्न मी चित्रित केलं होतं. लग्नानंतर आठव्या दिवशी मुलीचे वडील ट्रॅक्टरखाली गेले. त्यांचा एक धड फोटो घरात नव्हता. होतं ते माझ्या चित्रणात: फेटा बांधून हलगीपुढे नाचणारा माणूस. कॅमेऱ्यातलं कार्ड मी पुढच्या लग्नासाठी पुसलेलं. म्हणजे तो माणूस उरला होता फक्त माझ्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर, आणि उन्हानं यंत्र पुन:पुन्हा बंद पडून त्या डिस्कला घरघर लागली होती. मुलीचे दोन भाऊ रोज यायचे आणि मी रोज "उद्या" म्हणायचो. शेवटी थोरला म्हणाला, "आई जेवंना झाली. तुमी इकून खाल्ला का काय आमचा बाप?"

खोकं फौजींच्या टेबलावर गेलं. डिस्कला कान लावून ते म्हणाले, "ही आता एकदाच पळंल. एका दमात समदं दुसऱ्या डिस्कवर काढायचं. मधी तापून बसली, तर पुन्हा उठायची न्हाई." पुढच्या पंख्याचा वारा नेमका तिच्यावर येईल असा त्यांनी तो बसवला, हुकूम "हल्ला" वर ठेवला आणि नक्कल सुरू केली. तासाभराचं काम. बाहेर रस्ता फुफाट्यासारखा तापलेला.

निम्मं काम झालं असेल, तेव्हा दोघे भाऊ आत घुसले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की इस्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटर भंगारात घातला. थोरल्याच्या हातात काठी, धाकट्याच्या हातात ऊसतोडीचा कोयता. धाकट्यानं कोयत्याच्या पाठीनं काउंटरची काच फोडली आणि माझी गचांडी धरली. तो पुढे काय करणार होता ते मला कधीच कळलं नाही, कारण फौजींनी खोक्याचा काढून ठेवलेला पत्रा उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. नाक फुटलं. कोयता माझ्या पायाशी पडला. मी टेबलाखाली गेलो. विजेचा प्लग तिथं होता, तो निघू नये म्हणून मी गेलो, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं.

थोरल्याची काठी फौजींच्या खांद्यावर बसली, दुसरी डाव्या मनगटावर, तिसरी खोक्यावर. त्या तिसऱ्या काठीनं पुढचा पंखा उखडला आणि तारेवर लोंबत गरगरू लागला. फौजींनी डाव्या हातानं तो पकडून डिस्कसमोर धरला. उजव्या हातानं थोरल्याचा गळा धरला आणि त्याला भिंतीवर दाबला. फौजींच्या बोटांतून रक्त पंख्यावर येत होतं आणि पंखा ते माझ्या अंगावर उडवत होता. थोरल्याचे डोळे पांढरे व्हायला लागले.

"फौजी, मरंल तो!" मी खालून ओरडलो.

फौजींनी गळा थोडा सैल केला. धापा टाकत म्हणाले, "माजं मनगट गेलंय. ह्यो पंखा धर."

"कशापाय?" थोरला खोकत म्हणाला.

"तुजा बाप हाय त्या डबीत. वारा घाल त्याला."

थोरल्यानं काठी टाकली. दोन्ही हातांनी पंखा धरून तो गुडघ्यावर बसला. पंख्याला जाळी नव्हती. पात्यांनी त्याच्या बोटांना दोन-तीनदा कापलं, पण तो हलला नाही. धाकटा नाक दाबून दाराशी बसला. अर्धा तास नुसते पंखे. काकूंनी आतून हळद आणली आणि तिघांच्या जखमांत भरली. कुठे किती दाबायचं हे त्यांना न विचारता कळत होतं. सवयीचा हात होता.

नक्कल पूर्ण झाली. फौजींनी ती लावली आणि फेटेवाला माणूस नाचायला लागला. धाकटा उठून कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ आला. "सोड आता," फौजी थोरल्याला म्हणाले, "झालं काम." थोरल्यानं पंखा सोडला नाही. बाप नाचून बसेपर्यंत तो वारा घालत राहिला.

ही हकीगत मी शंभरदा सांगितली असेल. घरी सांगितली तेव्हा बायको म्हणाली होती, "गळा त्यांनी सोडला तो तुम्ही ओरडलात म्हणून." मला ते आवडलं नाही. मला फौजी सबंध हवे होते, बट्टा न लागलेले.

मागच्या थंडीत फौजी गेले. दुकानातच, खुर्चीवर, हातात स्क्रूड्रायव्हर. दहाव्याला आम्ही बाप्ये बाहेर बसलो होतो आणि मी पुन्हा तीच हकीगत रंगवून सांगत होतो. आम्ही उठत असताना काकूंनी पडद्याआडून विचारलं, "इस्टुडिओभाऊ, ह्यांचं काही हलतं-चालतं हाय का तुमच्याकडं? घरात समदे वर्दीतले फोटू हायेत."

होतं. पंख्यांची जोडणी मी विसरतो म्हणून एकदा ती समजावताना मोबाईलवर त्यांना टिपलं होतं. अकरा मिनिटं. हातात हब, चष्मा कपाळावर, एकेक तार हळुवार लावतायत आणि त्यातली नऊ मिनिटं मला शिव्या घालतायत. एके ठिकाणी मागून कप पडल्याचा आवाज येतो, तेव्हा ते वळून पडद्याकडे जे बोलतात, ते इथं लिहिता येणार नाही. मी तो भाग कापून बघितला, शिव्या कापून बघितल्या, फौजीच उरेनात. शेवटी बायकोला म्हटलं, तू बाईमाणूस, तूच जाऊन विचार, काय ठेवू आणि काय काढू.

ती आली, चपला काढल्या, पाणी प्याली.

"सगळं ठेवा म्हणाल्या. अकराच्या अकरा मिनिटं," ती म्हणाली. "फक्त आवाज काढून द्या."