नात्यातल्या म्हशी

भरमूनं बर्फाची पेटी टेबलावर ठेवली, तिची किल्ली तिच्यावरच ठेवली आणि तो जिना उतरून गेला. पारमिता खुर्चीतून उठली, पण तिला हाक मारता आली नाही. हाक मारून सांगणार काय? त्याच्यावर जो आळ आला होता, त्याचे आकडे तिनंच काढून दिले होते.

बेळगावातल्या त्या संस्थेत ती गणित करायला आली होती. घर निपाणीचं. आई तानीबाई आयुष्यभर विड्या वळत आली. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. त्याच सुपाच्या कडेला पाटी टेकवून पारमिता पाढे शिकली होती. अजूनही अवघड गणित सुटलं की तिला कुठून तरी तंबाखूचा वास येई.

तिचे मार्गदर्शक हलगेकर सर मूळचे क्वांटम भौतिकीचे. अणूच्या गाभ्यातल्या ऊर्जेचा माग काढताना शास्त्रज्ञांनी पूर्वी एक गणित रचलं होतं. आकड्यांचा अवाढव्य चौकोन मांडायचा आणि त्यात निव्वळ योगायोग कुठवर, खरं काय, याची सीमारेषा ओढायची. पुढं तेच गणित आवाजातली खरखर गाळायला कामाला आलं. सरांनी ते म्हशींच्या रक्ताला लावलं. या पट्ट्यातल्या गावठी म्हशींचं वाण किती जुनं, किती निराळं, हे त्यातून कळणार होतं. अट एवढीच, की रक्त एकमेकींच्या नात्यात नसलेल्या म्हशींचं हवं. एकाच घरातल्या चौघांना विचारून गावाचं मत कळत नाही, तसंच ते.

रक्त आणायचं काम भरमूचं. कडोलीचा हा पन्नाशीचा माणूस मोटरसायकलला पेटी बांधून खानापूरच्या रानातली गावं पालथी घाली आणि येताना पारमितासाठी हमखास रताळी आणी. “खा ताई, आकडं खाऊन प्वाट भरत न्हाय.”

आणि आता संगणकाच्या पडद्यावर सात गावांच्या म्हशी योगायोगाच्या रेषेबाहेर एकत्र गोळा झाल्या होत्या. मध्ये डोंगर, जंगल, आणि रक्त मात्र जणू एकाच गोठ्यातलं. भरमूच्या नोंदींप्रमाणे यातली एकही म्हैस विकत आणलेली नव्हती, म्हणजे एका गावची दुसऱ्या गावी जायचंही कारण नव्हतं.

“एका गोठ्यात बसून उरकलंय त्यानं,” सर म्हणाले. “गावांची नावं नंतर घातली. दुसरं काय असणार? ही सात गावं वगळ. अहवालात फसवणूक म्हणून लिही आणि सही कर. उरलेल्यावर तुझा पेपर सहज होतो. फेलोशिप संपत आलीय ना तुझी?”

भरमूला बोलावून त्यांनी एवढंच विचारलं होतं. “रक्त त्या त्या गावातच काढलंस?”

“व्हय सर.”

“शपथेवर सांगतोस?”

भरमू तसाच वळला. तो पेटी आणायला गेला.

रविवारी पारमिता कडोलीला त्याच्या दारात उभी राहिली. तो वैरण तोडत होता. त्यानं मान वर केली नाही.

“अण्णा, त्या सातांतल्या एका गावी मला न्याल?”

“कशाला? चोराच्या गाडीवर बसू नगासा.”

“सही माझी लागणार आहे. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी ती करणार नाही.”

त्यानं कोयता भिंतीला लावला, हात झटकले आणि मोटरसायकलला किक मारली. पारमिता मागं बसली.

रानाच्या कडेला मालुबाईचं घर होतं. म्हातारी अंगणातूनच ओरडली, “आलास रं भरमू? आन ही कोन? पुन्यांदा सुई टोचाया आला असशील तर आल्या पावली माघारी फिर. मागल्या खेपंला दोन दिस दूध चोरलं म्हशीनं, पान्हाच सोडंना!”

पारमिता गोठ्यात गेली. म्हशीच्या मानेवर चौकोनी भादरलेली जागा होती. तिच्यात बारीक केस नुकते उगवत होते. म्हणजे सुई इथंच टोचली होती. भरमू खरं बोलला होता.

ती बाहेर आली. “अण्णा, सर तुम्हाला असं का म्हणाले, माहीत आहे? ह्या सातही गावांच्या म्हशी एकमेकींच्या नात्यातल्या निघाल्यात.”

भरमू बघतच राहिला. “नात्यातल्या? आन ह्ये मला कुनी सांगितलं न्हाय?”

मालुबाई मात्र चहा गाळता गाळता हसली. “मग? मानसं नात्यातली, तर म्हशी न्हाय व्हनार? मी लगीन होऊन आले तवा आईनं म्हशीची पारडी दिलती आंदण. तिचीच ही नात. माझी थोरली लेक डोंगरापल्याड दिली, तिच्यासंगंबी पारडी धाडली. तिच्या नणंदंच्या घरचीबी आमचीच. विकत घेतली का म्हनून ह्यानं इचारलं, मी न्हाय म्हनलं. माहेरची म्हस विकत घेत्यात व्हय?”

पारमितानं हळूच विचारलं, “ही सात घरं तुम्ही कशी निवडलीत, अण्णा?”

भरमूची मान खाली गेली. “ही माझी मावशी. तिनं लेकीचं घर सांगितलं, लेकीनं नणंदंचं. परक्याला कोन सुई टोचू दील, ताई?”

“आणि बाकीच्या गावांत?”

“तितंबी तसंच. वळखी काडत.”

पारमिता जोत्यावर बसली. म्हणजे नुसती सात गावं नव्हेत, सगळंच रक्त नात्याच्या वाटेनं आलं होतं; बाकीच्यांची नाती पडद्यावर दिसण्याइतकी जवळची नव्हती, एवढंच. खोटं काहीच नव्हतं, आणि पेपरसाठी उपयोगाचंही काही उरलं नव्हतं. सरांचं ऐकून सही केली, तर पेपर तिचा होता.

“तुमास्नी ठावं न्हवतं व्हय, पोरीसंगं पारडी देत्यात ते?” भरमूनं विचारलं.

“नाही. आमच्यात द्यायला जनावर नव्हतं.”

मालुबाईनं तिच्याकडं एकदा नीट पाहिलं. मग तिच्या कपात आणखी चहा ओतला.

संध्याकाळी पारमितानं आईला फोन लावला. “आई, आजीनं तुला आंदण काय दिलतं?”

“मला? ह्ये सूप की. तुला पायजे तर घिऊन जा. लई शिकलीस, आता विड्या वळ!” तानीबाई हसली. पारमिताला हसू आलं नाही. आईच्या आईकडून आईकडं आलेलं ते सूप तिच्यापाशी येऊन थांबलं होतं, आणि ते तसं थांबावं म्हणूनच आई जन्मभर विड्या वळत बसली होती.

अहवालात तिनं लिहिलं, की नमुने खरे आहेत, निवड ओळखीच्या वाटेनं झाली आहे, आणि तसं करू नये हे गोळा करणाऱ्याला कुणी समजावलं नव्हतं, तिनंसुद्धा. सगळे नमुने नव्यानं घ्यावे लागतील.

सरांनी तो दोनदा वाचला. “पेपर गेला तुझा. फेलोशिप वाढेल याची खात्री मी देऊ शकत नाही.”

“माहीत आहे, सर.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आळ मी घातला. फोन मीच करतो त्याला.”

फोन गेला तसा भरमू आला, थेट पारमिताच्या टेबलाशी. सरांच्या खोलीकडं त्यानं पाहिलंही नाही. रताळीही आणली नव्हती.

“वळखीबिगर दारात उभं करायचे न्हाईत, ताई,” तो किल्ली उचलत म्हणाला.

“घरं आता ओळखीनं निवडायचीच नाहीत, म्हणून पुढं मी जाते. माझी कुठल्याच गोठ्यात ओळख नाही.”

“आदी इचारतील, तू कुनाची म्हनून.”

“विचारू देत. सांगीन.”

भरमूनं किल्ली खिशात टाकली. मग त्यानं पेटीची एक कडी स्वतः धरली आणि दुसरी तिच्या हाताशी येईल अशी पेटी फिरवली.