रोलांदने बुडवलेल्या बोटी

माझ्या नावावर चित्रकथांचे तेवीस अल्बम आहेत. त्यांतलं पाणी माझं नाही, धुकं माझं नाही आणि खरं सांगायचं तर बोटीही अर्ध्याच माझ्या. उरलेलं सगळं रोलांद बास्तँचं. हे मी आज, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी लिहितोय, यातच माझी लायकी कळावी.

मी ओमेर लार्दिनवा. वडील नामूरला औषधांचं दुकान चालवायचे. लहानपणी मावशीकडे जाताना नदी ओलांडावी लागे, तेवढ्यातही मला ओकारी व्हायची. अशा माणसाने तेवीस वर्षं सांब्र नदीवरच्या एका म्हाताऱ्या बोटवाल्याच्या चित्रकथा काढल्या. साप्ताहिकात दर आठवड्याला एक पान यायचं, वर्षभराची पानं जमली की अल्बम. माझा हा बोटवाला, फिर्मँ, कोळसा वाहायचा, बंधाऱ्याच्या दरवानाशी भांडायचा आणि लोक त्याच्यावर जीव टाकायचे.

रोलांद माझ्याकडे आली ती रंग भरायला. तेव्हा सगळीकडे हीच रीत होती. चित्रकार शाईने पान काढणार, छापखाना त्याची फिकट निळ्या रेघांची प्रत देणार आणि त्या प्रतीवर कुणाची तरी बायको, बहीण नाहीतर शेजारीण स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून रंग भरणार. तिचं नाव कुठे छापत नसत. कुणाला त्यात काही वावगंही वाटत नसे. निदान आम्हा पुरुषांना तरी.

ती चोवीस वर्षांची होती. तुआँ गावची, जन्म बोटीवरचा, बापाची बोट विकली गेल्यावर जमिनीवर आलेली. दर गुरुवारी ती रंगवलेली पानं आणून द्यायची. दुसऱ्याच गुरुवारी तिने माझं पान हातात घेतलं आणि बोटीवर बोट टेकवलं.

"मस्यू ओमेर, या बोटीत कोळसा भरलाय ना?"

"भरलाय की. ढीग दिसत नाही का तुला?"

"ढीग दिसतोय. पण बोटीला ते अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. भरलेली बोट पाण्यात बसते, मस्यू ओमेर. ही तर बदकासारखी वर तरंगतेय."

मला राग आला. मी म्हटलं, "तू रंगांचं बघ." तिने मान डोलावली, कॉफी संपवली आणि मी फोनवर असताना माझ्या शाईच्या पानावर पांढरा रंग फिरवून पाणी चार बोटं वर आणलं. वर कुंचल्याने लाटांच्या बारीक रेघा ओढल्या. परत येऊन पाहतो तर बोट जड झालेली. कोळशाला वजन आलं होतं. मी ते पान तसंच छापखान्यात पाठवलं. तिची चूक असती तर पाठवलं नसतं.

त्या दिवसापासून प्रत्येक पान छापखान्यात जाण्याआधी तिच्या नजरेखालून जायला लागलं. मी बोटी काढायचो, ती त्या बुडवायची. दोर कुठल्या खुंटाला बांधायचा, वाऱ्यात धूर कुठे जातो, पोलादाच्या कारखान्याखालचं पाणी तांबूस का असतं, सगळं तीच ठरवायची. मग बोटवाल्यांची पत्रं यायला लागली. 'चित्रकार नक्कीच आमच्यातला. बोटीवर वाढल्याशिवाय हे जमत नाही.' मी ती पत्रं भिंतीवर लावली. मुलाखतीत कुणी विचारलं तर डोळे अर्धे मिटून म्हणायचो, "नदीचं ऐकावं लागतं." हे वाक्यही तिचंच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी.

तिने एकदाच मागितलं. सातव्या अल्बमच्या वेळी. ब्रश धुता धुता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत कुठेतरी, बारीक अक्षरात चालेल. 'रंग : रोलांद बास्तँ.' आईला दाखवता येईल."

मी म्हटलं, "प्रकाशकांशी बोलतो. पुढच्या अल्बमला बघू."

पुढच्या गुरुवारी मी तिला सांगितलं, की प्रकाशक नाही म्हणाले, वाचकाला एकच नाव लागतं म्हणाले. ती म्हणाली, "असू दे." आता ऐका. मी प्रकाशकांशी बोललोच नव्हतो. ते कदाचित लगेच हो म्हणाले असते, आणि त्याचीच मला भीती होती.

मग त्याच वर्षीचा तुआँचा तो रविवार. बोटवाल्यांचा उत्सव होता आणि नगरपालिकेच्या सभागृहात मला सह्या द्यायला बसवलं होतं. आमच्याकडे नुसती सही चालत नाही. अल्बमच्या पहिल्या कोऱ्या पानावर चित्र काढून, नाव विचारून, त्या नावाने लिहून द्यावं लागतं. रांग दाराबाहेर गेलेली. माझ्या एका बाजूला प्रकाशक, दुसऱ्या बाजूला वर्तमानपत्राचा माणूस. मी अल्बम ओढायचो, विचारायचो, "कुणासाठी?"

"रोलांदसाठी."

मी वर पाहिलं. उत्सवाचा निळा कोट, हातात पर्स, दीड तास रांगेत उभी राहिलेली रोलांद.

वर्तमानपत्रवाल्याने विचारलं, "ओळखीच्या आहेत का?"

किती सोपं होतं. उठायचं, तिचा हात धरायचा आणि म्हणायचं, ही बघा, तुमच्या सगळ्या बोटी हिच्या. तिच्या गावातले, तिच्या बापाला ओळखणारे लोक मागे उभे होते. तिने तेवढ्यासाठीच तो दिवस निवडला असणार.

मी म्हटलं, "आमच्या जुन्या वाचक आहेत."

तिने कोरं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, "बोट काढून द्या, मस्यू. कोळसा भरलेली."

मी काढली. तिच्याकडे बघावं लागू नये म्हणून भराभर काढली. तिने पान स्वतःकडे वळवून पाहिलं.

"रिकामी आहे वाटतं," ती म्हणाली.

मागचे बोटवाले खो खो हसले. वर्तमानपत्रवाल्याला वाटलं गंमत आहे, त्याने लिहूनही घेतलं. मी खाली मान घालून लिहिलं, 'विश्वासू वाचक रोलांद हिला.' तिने आभार मानले आणि गेली. गुरुवारी नेहमीसारखी रंगवलेली पानं घेऊन आली. पाणी चोख होतं. त्या रविवारबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. पुढे शेवटच्या अल्बमपर्यंत सोळा वर्षं बोलली नाही, आणि मीही नाही.

गेल्या वर्षी ती गेली. अंत्यविधीनंतर मी तिची भाची ज्योझियान हिच्या घरी गेलो. सगळ्या अल्बमांची नवी आवृत्ती निघणार होती. मी तिला सांगितलं, आता रोलांदचं नाव घालणार, आत नाही, मुखपृष्ठावर, माझ्याइतक्याच मोठ्या अक्षरात.

ज्योझियानने माझ्यापुढे गोड टार्टचा तुकडा ठेवला. घरात आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत म्हणून, एवढंच.

"मावशी असताना घातलं असतंत तर ते तिचं झालं असतं," ती म्हणाली. "आता घालाल तर फोटो तुमचा येईल. लोक म्हणतील, केवढं मोठं मन. बघा तुम्ही."

"मग नको घालू?"

"घाला. घालायलाच हवं. पण मला बोलावू नका, आणि माझ्याकडून माफी न्यायला येऊ नका."

नाव घातलं. ब्रुसेल्सला प्रकाशन झालं. भाषणात मी सगळं कबूल करणार होतो, न विचारता नकार सांगितल्याचं, तुआँच्या रविवारचं. चार पानं लिहून नेली होती. पण सूत्रसंचालकाने माझी ओळख करून देतानाच सांगितलं, की एका साध्या रंगकर्तीला आपल्या बरोबरीचं स्थान देणारा असा उदार कलावंत विरळा. सभागृह उठून उभं राहिलं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवलं होतं मी, आणि त्याच्या टाळ्या वाजत होत्या.

कागद खिशात होते. हात वर करून मला त्यांना थांबवता आलं असतं. मी छातीवर हात ठेवला, मान लववली आणि टाळ्या संपेपर्यंत तसाच उभा राहिलो.