चौथी काठी

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि तोवर माझं काम कुणी चुकीचं म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हटलं असेल एखाद्यानं, पण माझ्या तोंडावर नाही.

माझं काम मंडपाचं. शाळा तिसरीपर्यंत, ती पण पूर्ण नाही. आमचे जुने लोक इथल्या राजांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून आले, त्यात कुणीतरी घोड्यावर होता असं वडील सांगायचे. माझ्यापर्यंत पोचेतो घोडा गेला, बांबू राहिला. पन्नास वर्षं मी इंदुरात बांबू बांधले. लालबागेत एका मेळ्याला वावटळ आली तेव्हा शेजारच्या दोन कमानी आडव्या झाल्या, माझी उभी होती. का उभी होती? ओळंब्यात होती म्हणून. बांबू जमिनीशी सरळ उभा नसेल तर मला झोप येत नाही. तिरका बांबू म्हणजे बांधणाऱ्याला शिवी.

मुलगा पीथमपुरात कारखान्यात जातो. त्यानं लग्न केलं ती मुलगी साताऱ्याकडची, तुकोगंजच्या पुढे एका कॉलेजात गणित शिकवणारी. कच्ची नोकरी, दर वर्षी नवा कागद. बोलणं मात्र पक्कं. मी म्हटलं, "अपने को काय करायचंय", की ती म्हणायची, "बाबा, अपने को नाही, आपल्याला." मी मुद्दाम परत तेच म्हणायचो.

एका संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. मी विचारलं, "सहा वर्षं झाली, तू एकच पोथी लिहितेस. आहे काय त्यात?"

ती आतून खडू घेऊन आली. फरशीवर चार घरं काढली, दोन वर, दोन खाली. "ह्यात एक ते चार आकडे भरा. उजवीकडे जाताना वाढले पाहिजेत, खाली उतरताना पण वाढले पाहिजेत."

मी वर एक-दोन लिहिले, खाली तीन-चार. "झालं."

"अजून एखादी रीत?"

पुसलं. वर एक-तीन, खाली दोन-चार. हे पण बसलं. तिसरी रीत शोधत बसलो, चहा गार झाला. नव्हती.

"दोनच," मी म्हटलं.

"आता हवेत चार काठ्या समजा. कशाही, फक्त एकमेकींना न लागणाऱ्या. पाचवी सरळ काठी अशी लावायची, की चौघींना टेकेल. किती प्रकारे लागेल?"

"एक. ती पण नशीब असेल तर."

"दोन."

"तू कधी बांबू बांधलेस?"

"नाही. पण तुम्ही आत्ताच मोजलंत की. चार घरांत दोन, म्हणून चार काठ्यांना दोन."

"घरांचा नि काठ्यांचा संबंध काय?"

"तोच तर शोधतेय सहा वर्षं," ती म्हणाली. "एकीकडे नुसती मोजदाद, दुसरीकडे आकार. आकार मोठा झाला, काठ्या वाढल्या, की डोळ्यांना झेपत नाही. मग घरं काढायची, आकडे भरायचे, उत्तर तिथून आणायचं."

दुसऱ्या दिवशी अंगणात चार काठ्या उभ्या केल्या. दोन बायकोला धरायला दिल्या. ती म्हणाली, "पोळ्या कोण लाटणार, तुमच्या काठ्या?" पण धरल्या तिनं. पाचवी फिरवत फिरवत तासभर गेला, आणि खरंच दोन जागी ती चौघींना टेकली. मला राग आला. जे मला पन्नास वर्षांत कळलं नाही ते हिला खडूनं कळलं.

मग मी काठ्या हलवत राहिलो, आणि एक जागा अशी सापडली की पाचवी कुठूनच लागेना. सुनेला हाक मारली. "ये, बघ तुझे दोन."

तिनं बघितलं. आतून वेताचा मुढा आणला, आमच्याकडे बसायला असतो तो, कमरेत बारीक. म्हणाली, "ह्याच्या काड्या बघा बाबा, प्रत्येक सरळ आहे, तरी मुढा गोल. तीन काठ्या ठेवल्या की त्या तिघींना टेकणाऱ्या सगळ्या काठ्या मिळून असाच एक मुढा विणला जातो. चौथी तिरकी घुसली की विणीला दोन जागी भोक पाडते. भोकाशी जी काडी असेल ती तुमची पाचवी. दोन भोकं, दोन काड्या."

"आणि ही चौथी मधल्या पोकळीतून सरळ उभी गेली तर?"

"तर विणीला लागतच नाही. तुम्ही आत्ता तेच केलंय."

"म्हणजे शून्य."

"तरी दोनच. त्या दिसत नाहीत इतकंच. आकड्यांची एक वेगळी जात असते, तिच्यात त्या असतात."

"न दिसणाऱ्या बांबूवर मी पडदा बांधू का?"

बायको हसली. सून पण हसली, पण जरा कमी. इथंच थांबायचं होतं मी. थांबलो नाही. बड़ा गणपतीजवळ आमचा चहाचा ठिय्या आहे, तिथं आठ दिवस हीच गोष्ट चालवली. लोक विचारायचे, "काय भिया, बहूने आज कितने बांस गिने, दिखनेवाले या बिना दिखनेवाले?" तिच्या कानावर गेलं असणार. घरी तिनं "अपने को" सुधारणं मात्र बंद केलं.

पुढच्या महिन्यात तिची शेवटची परीक्षा होती. सगळ्यांसमोर उभं राहून सहा वर्षांचं काम सांगायचं, बाहेरगावचे परीक्षक विचारतील त्याला उत्तर द्यायचं. डिग्री मिळाली की त्याच सत्रापासून नोकरी पक्की, असं तिला कॉलेजानं सांगितलं होतं. नाही मिळाली तर ती जागा दुसऱ्याला. हे तिनं जेवताना सांगितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, मला एक चौकट बांधून द्याल? कमरेएवढी. आत चार काठ्या. लोकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. हे तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही."

मी ताट सारून लगेच उठलो.

चार दिवस खपलो. बारीक बांबू निवडून आणले, तासले, पॉलिश केलं. काठ्या कुठं येणार तिथं तिनं पेन्सिलीनं खुणा करून दिल्या. तीन काठ्या आडव्या-तिडव्या होत्या, ते मी सोसलं. चौथी खालून वर जाणारी, पण वरचं टोक हातभर कललेलं. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "मुद्दाम तिरकी आहे. हिला हलवू नका हं बाबा." बांधून झाल्यावर पुन्हा म्हणाली, "ही नका हलवू." माझे कान चांगले आहेत. दोन्ही वेळा ऐकलं.

चौकटीला तिनं खिळे मारले होते. एका जोडीत लाल दोरा ताणला, दुसरीत पिवळा. दोन्ही सरळ गेले, दोन्ही चारही काठ्यांना टेकले. बायकोनं बोट लावून बघितलं. मग सुनेनं दोरे काढून पर्समध्ये ठेवले. लोकांसमोर ताणायचे होते.

शनिवारी सकाळी चौकट ओट्यावर ठेवली होती, रिक्षा यायची होती. शेजारचे रिटायर बाबू दूध घेऊन चालले होते. थांबले. म्हणाले, "काय भिया, हाथ हिलने लगा क्या? बांस टेढ़ा है." आणि गेले.

सून आत साडी नेसत होती. मी चौथ्या काठीची वरची गाठ सोडली, टोक आत घेतलं, ओळंबा धरला, काठी उभी केली. आणि माझी गाठ मारली, जी सुटत नाही, कापावी लागते. बायको दारातून म्हणाली, "अहो, तिनं नको म्हटलंय ना."

"तिला गणित येतं. बांबू मला येतो."

पुष्कळ दिवस मी मनाला सांगत होतो की मला ते टेढ़ापण सहन झालं नाही, बस. पण मुढ्याच्या पोकळीतून सरळ गेलेली काठी कुठं टेकत नाही, हे मला कळत नव्हतं असं मी लिहू शकत नाही. मीच तर ते शोधलं होतं.

हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसवलं मला. तिनं सुरुवातीला चौकटीवर हात ठेवून सांगितलं की हे माझ्या सासऱ्यांनी बांधलंय, पन्नास वर्षं ते मंडप बांधतात. लोक वळून बघायला लागले. मी ताठ बसलो.

मग तिनं लाल दोरा ताणला. तिघींना टेकला, चौथीपासून वीतभर लांब राहिला. तिनं पिवळा ताणला. तोही लांब. वर बघितलं तिनं. पेन्सिलीची खूण उघडी पडली होती आणि माझी गाठ हातभर अलीकडे. मग तिनं माझ्याकडे बघितलं, पापणी लवेल इतकंच. परीक्षकांना म्हणाली, "सॉरी सर, माझं माप चुकलं."

परीक्षक म्हातारे, माझ्याच वयाचे. हसून म्हणाले, "तो आपका जवाब क्या समझें, दो या शून्य?"

"दो, सर. अभी दिख नहीं रहे."

हॉल हसला. चहाच्या ठिय्यावर हसायचे तसाच. तो विनोद माझाच होता.

मला फक्त उभं राहायचं होतं. तीन शब्द होते, काठी मी हलवली. मी गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिलो. ती फळ्याकडे गेली, घरं काढली, आकडे भरले, अर्धा तास बोलली. आवाज हलला नाही. पण परीक्षक चौकटीकडेच बघत होते. शेवटी म्हणाले, काम चांगलं आहे, पण उत्तर दोन येतं आणि समोर एकही दिसत नाही, असं कधी होतं, ह्यावर तुम्ही जेमतेम पानभर लिहिलंय. पूर्ण प्रकरण लिहा, मग या.

ते प्रकरण लिहायला तिला आठ महिने लागले. डिग्री मिळाली. पण सत्र तोवर निघून गेलं होतं आणि पक्की जागा भोपाळहून आलेल्या एकाला मिळाली. ती अजून दर वर्षी नवा कागद आणते. चौकट त्यांच्या विभागात कपाटावर आहे. खाली इंग्रजीत चिठ्ठी आहे, तिच्यात माझं नाव आहे म्हणतात. इंग्रजी मला वाचता येत नाही, आणि कुणाला वाचून दाखवायला मी सांगितलेलं नाही. मी हे लिहितोय ती वही शुद्ध करायला मात्र तिच्याचकडे देणार आहे. तोंडानं मला जमलं नाही.

त्या शनिवारी चौकट घेऊन घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "कसं झालं?" सून म्हणाली, "माप चुकलं, आई." आणि चहा टाकायला गेली. माझा कप नेहमीसारखा आणून दिला, साखर कमी.

दिवेलागणीला बायको माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "तिनं मला विचारलं, बाबांनी गाठ कधी मारली. मी सांगितलं, सकाळी."

"मग?"

"म्हणाली, कुणापाशी बोलू नका आई. त्यांना वाईट वाटेल."

मला कुणी शिव्या दिल्या असत्या तर मी दोन परत दिल्या असत्या, हिशेब मिटला असता. सून मला सांभाळत होती. आमच्या घरात मला कुणी सांभाळलेलं नाही, वडील गेले तेव्हापासून मीच सगळ्यांना सांभाळलंय. बायकोला म्हटलं, "तिला कुणी सांगितलं होतं मला वाचवायला?" बायको उठून गेली. जाताना म्हणाली, "जेवायला या. चूक तुमची, उपाशी आम्ही का राहायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे उठायच्या आत मी विळीनं ती गाठ कापली. माझी गाठ कापायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली. काठीचं टोक पेन्सिलीच्या खुणेवर नेऊन बांधलं. दोरे चौकटीलाच लोंबत होते. लाल ताणला, टेकला. पिवळा ताणला, टेकला. ई-रिक्षावाल्यानं चौकट घ्यायला नाही म्हटलं, म्हणून खांद्यावर टाकून पायी कॉलेजपर्यंत गेलो. दोनदा बसावं लागलं. तिच्या विभागाच्या मोठ्या मॅडमना भेटून सांगायचं होतं, जे काल सांगितलं नाही ते.

फाटक बंद. चौकीदार खुर्चीवर बसून शेंगा खात होता.

"इतवार है, बाबूजी. कोई नहीं है."

मी विसरलो होतो. घाम पुसला. आता परत नेली तर सोमवारी माझ्यानं येणं होणार नाही, हे मला माहीत होतं. चौकट त्याच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "कल इसकी लकड़ी मैंने हिलाई थी. बहू की गलती नहीं थी."

त्यानं चौकट खालून वर बघितली. "टूटी तो नहीं ना?"

"नहीं."

"फिर क्या. उधर छाँव में रख दो, मैडम को दे दूँगा."

मी ती भिंतीशी सावलीत नेऊन ठेवली. तो शेंगांची टरफलं झटकत मागे आला, वाकला, म्हणाला, "ये एक टेढ़ी बंधी है," आणि सरळ करायला चौथ्या काठीला हात घातला.

मी त्याचा हात धरला.