आत्याचं हळकुंड

साऱ्या हिंगोली जिल्ह्यात माझ्या आत्याने घेतलं नाही असं एकही प्रशिक्षण नसेल. शिवणकाम, अगरबत्ती, शेळीपालन, अळिंबी. बचत गटाच्या बाईंनी यादी काढली की पहिलं नाव तिचं. प्रमाणपत्रं लॅमिनेट करून तिने देवघरात खंडोबाशेजारी लावली होती, आणि सकाळची उदबत्ती दोघांनाही फिरायची. त्यातलं उपयोगी काय पडलं हे मात्र विचारू नये. शिवण शिकून तिने मला ड्रेस शिवला, त्याच्या दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या निघाल्या. "डाव्या हाताला काम तरी काय असतंय?" एवढंच ती म्हणाली.

प्रशिक्षण म्हणजे काही पी हळद अन् हो गोरी नव्हे, पण 'न घाबरता बोला' या तीन दिवसांच्या शिबिरातून आत्या पार बदलून आली. तिथे बायकांना गोल बसवून चेंडू फिरवत. चेंडू जिच्या हातात, तिनेच बोलायचं. आमच्या घरी चेंडू कुठला? तिने पोत्यातलं एक जाडजूड हळकुंड उचललं आणि पदराला बांधलं. तेव्हापासून आमच्या शिरड शहापुरात उभ्याने भांडायची सोय राहिली नाही. बांधावरून हमरीतुमरीवर आलेल्या दोघा भावांना तिने बांधावरच बसवलं, आणि दोघांचा गोल होईना म्हणून तिसरी स्वतः बसली. तिच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या मामांनी, जेवताना मीठ मागितलं तर म्हणाली, "हळकुंड माझ्याकडं हाय." मामा बिचारे अळणी जेवले.

मी बारावी झाले, नर्सिंगला नंबर लागला आणि त्याच आठवड्यात डोंगरकडा गावचे पाहुणे मला बघायला आले. स्थळ तालेवार. बैठकीत आबा म्हणजे माझे वडील, मामा अन् पाहुणे सगळे बोलत होते. मी चहा ठेवून दाराशी उभी. मला शिकायचं होतं, पण ते कुणी विचारत नव्हतं. तेवढ्यात आत्या उठली आणि सर्वांदेखत तिने हळकुंड माझ्या हातात ठेवलं.

पाहुण्यांना वाटलं, पोरीच्या हाती हळकुंड दिलं, म्हणजे सोयरिक पक्की. मुलाच्या आजोबांनी पेढ्यांचा डबा उघडला, एक पेढा मामांच्या तोंडात गेलासुद्धा.

"गिळू नका," आत्या म्हणाली. "समदे गोल बसा. हळकुंड तिच्याकडं हाय. तीच बोलंल."

पाहुणे गोल बसले. घामाने माझा तळहात पिवळा झाला होता. "आबा, मला नर्सिंग करायचंय," मी म्हणाले. "आत्ता लगीन न्हाई."

आबांनी तोंड उघडलं. "तुझ्या हातात हाय का?" आत्याने विचारलं. आबांनी हात पुढे केला, हळकुंड घेतलं, बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "जाऊ द्या तिला."

"मग पेढा नर्सिंगचा समजा," आजोबा म्हणाले, आणि मामांनी एकदाचा गिळला.

पाहुणे गेल्यावर मी चुलीपाशी हळकुंड परत द्यायला गेले. "आत्या, तुझं लग्न ठरलं तेव्हा तू काय म्हणाली होतीस?"

"मला कोण इचारणार? पाचवीतून काढलं अन् बोहल्यावर उभं केलं."

मी हळकुंड तिच्या हातात ठेवलं. "आता तुझ्याकडं हाय. बोल."

इतकी प्रशिक्षणं घेतलेली माझी आत्या हळकुंडाकडे नुसती बघत राहिली. मला फार वाईट वाटलं. शेवटी तिने ते पदराला बांधलं आणि म्हणाली, "राहू दे. भाजीत मीठ टाकायचंय."