उभी न राहणारी बाटली

वैशाखात मुळशी धरणाचं पाणी खाली गेलं की रत्नाबाई साडी खोचून काठाच्या चिखलात उतरायची आणि बाटल्या वेचायची. गावाला याचं हसू येणारच, कारण फाट्यावरचं देशी दारूचं दुकान बंद करा म्हणून सहा वर्षं तहसील कचेरीचे उंबरे झिजवणारी बाईही हीच. "बाटलीच्या नावानं शिमगा करती आन् घरात बाटल्यांची आरास मांडती," असं लोक म्हणत. म्हणोत बापडे. तिच्या बाटल्या धरण बांधायला आलेल्या साहेबांच्या काळातल्या: औषधाच्या, शाईच्या, गोटीच्या सोड्याच्या. काठावरच्या बंगल्यातल्या अपूर्वाबाई त्या हौसेनं विकत घेत. बाटलीनं धुऊन नेलेल्या घरात बाटलीनंच चार पैसे परत आणले, तर बिघडलं काय?

घर धुऊन नेणारा म्हणजे नवरा, कुशाबा. माणूस वाईट नव्हता. पिऊन त्यानं कधी हात उगारला नाही, नुसता रडायचा. भाताची दोन खाचरं अशी रडत रडतच फाट्यावर पोचली. त्याला पदराची गाठ सोडून रोज पैसे देणारी त्याची आई ठकुबाई. "बापय गडी हाय, घिऊ दे वाइच," असं म्हणत म्हातारीनं लेकाला जन्मभर पाजलं आणि चार वर्षांपूर्वी सुखानं डोळे मिटले.

यंदा अखेर मतदान ठरलं. गावातल्या बायांनी चिठ्ठीवरच्या दोन चित्रांपैकी एकावर शिक्का मारायचा. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. मात्र यादीत जितक्या बाया, त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला हवीत. म्हणजे जी आलीच नाही, तीही उभीच्या बाजूची. दारू बंद करायची सोय सरकारनं केली आहे, पण ती फार सोयीची होऊ नये याचीही काळजी घेतली आहे.

मतदानाला आठ दिवस असताना चिखलात एक हिरवी, जाड काचेची बाटली सापडली. बूड अंड्यासारखं निमुळतं. रत्नाबाईनं ती राखेनं घासली आणि ओट्यावर उभी केली. ती लवंडली. पुन्हा केली, पुन्हा लवंडली.

"अगं बया," रत्नाबाई खुदकन हसली, "ही तर आपल्याच पार्टीची!"

अपूर्वाबाई तर हरखूनच गेल्या. "सोड्याची आहे ही. मुद्दाम अशी करायचे. आडवी ठेवली की बूच ओलं राहतं, गॅस जात नाही. मला द्या, म्हणाल ते देते."

"सायेब कशात घालायचे ह्यो सोडा?"

अपूर्वाबाई जरा अडखळल्या. "व्हिस्कीत."

"मंग तिला पाप फेडू द्या आधी," म्हणत रत्नाबाईनं बाटली पदरात गुंडाळली.

आठ दिवस ती घरोघर फिरली. "करा उभी," म्हणून बाटली पुढं करायची. म्हाताऱ्या, सुना, सगळ्यांनी हात चालवून बघितला. बाटली काही ऐकेना. भाषणाची गरज एकीलाही पडली नाही.

मतदान शाळेत झालं. आडवीला दोनशे सहा, उभीला एकोणीस! बायांनी गुलाल उधळला. तो खाली बसायच्या आत अधिकारी म्हणाले, "यादीत चारशे बारा नावं आहेत. दोनशे सात हवी होती. दुकान राहील."

अंगणवाडीच्या जयानं यादी मागून घेतली आणि न आलेल्यांची नावं बघू लागली. एका नावावर तिचं बोट थांबलं.

"मावशी, ठकुबाई म्हंजे तुमच्या सासूबाई ना? त्यांचं नाव कमी केलं असतं तर यादी चारशे अकराची झाली असती. मग दोनशे सहा पुरली असती."

रत्नाबाईला घरातली ट्रंक आठवली. नाव कमी करायचा फॉर्म तिनं सासू गेली तेव्हाच आणला होता. पण सही करायच्या वेळी कुशाबा उंबऱ्यात बसून रडायला लागला. "रत्ने, कागदावर तरी ऱ्हाऊ दे आईला." त्याच्या रडण्याला ती कधी भीक घालत नसे. पण त्या दिवशी तो प्यायला नव्हता. तिला भडभडून आलं, आणि फॉर्म ट्रंकेत गेला.

ती घरी आली तेव्हा कुशाबा नुकताच फाट्यावरून परतला होता. डोळे पाण्यानं भरलेले. "लई वाईट झालं बग, रत्ने. एका मतानं गेलं."

"व्हय. तुमच्या आईच्या."

त्याला काही कळलं नाही. रत्नाबाईनं ट्रंकेतून फॉर्म काढून त्याच्यासमोर ठेवला. वाऱ्यानं तो उडायला लागला, तशी पदरातली बाटली काढून त्यावर आडवी ठेवली.

"करा सही."

कुशाबा आणखीच रडायला लागला. "आईला काढायची?"

"जित्तेपनी पाजलं, मेल्यावर बी पाजती. आता बास."

त्यानं सही केली. रडणं त्या दिवसासारखंच होतं. पण आज तो पिऊन आला होता, त्यामुळे तिला जड गेलं नाही.