पुलाजवळचा सत्तावीस

रस्ते खात्यातल्या त्या पेंटरला सगळे आकडेमामा म्हणायचे, आणि ते काही लाडाने नव्हे. लग्नाच्या जेवणात शेजारी बसलेल्या माणसाला तो विचारायचा, "आलात कुठल्या रस्त्याने?" तो बिचारा सहज म्हणायचा, "महामार्गाने." की मामाचा घास हातातच राहायचा. "कुठल्या नंबरच्या?" तिथून पुढे त्या माणसाचं जेवण संपलं म्हणून समजा.

एकतीस वर्षं त्याने दुसरं काही केलंच नव्हतं. दर किलोमीटरला एक दगड. त्याचं डोकं रंगवायचं, त्याखाली रस्त्याचा नंबर लिहायचा, आणि नंबराखाली पुढच्या गावाचं अंतर. महामार्गाच्या दगडाचं डोकं पिवळं, जिल्हा रस्त्याचं काळं. आकडा भरधाव जाणाऱ्यालाही वाचता आला पाहिजे आणि रंगाचा ओघळ एकही दिसता कामा नये. हे त्याला त्याच्या वडिलांनी, अण्णांनी शिकवलं होतं. अण्णाही याच खात्यात, याच रस्त्यावर पेंटर होते.

अकरा वर्षांपूर्वी गावाबाहेरून नवा चौपदरी रस्ता झाला आणि सत्तावीस हा महामार्गाचा नंबर जुन्या रस्त्यावरून उचलून नव्या रस्त्याला दिला गेला. जुना रस्ता झाला जिल्हा रस्ता एकशे चौदा. कारण साधं होतं. जुन्या रस्त्यावर नदीचा दगडी पूल आहे, अरुंद आणि थकलेला. त्यावरून बारा टनांपेक्षा जड काही जाऊ देऊ नका, असं जाणकारांनी लिहून दिलं होतं. रीतसर हुकूम निघाला, सहीशिक्क्यासकट. जुन्या रस्त्याला एकेचाळीस दगड. आकडेमामाने पाच आठवडे उन्हातान्हात बसून पिवळी डोकी काळी केली, पुलाच्या दोन्ही तोंडांना वजनबंदीचे बोर्ड लावले आणि कचेरीत कामाचा अहवाल दिला : एकेचाळीस दगड पूर्ण.

सगळ्यांना कळलं. कळलं नाही ते फक्त फोनमधल्या नकाशाला. अकरा वर्षं झाली तरी त्यात जुन्या रस्त्यावरच ठसठशीत सत्तावीस! खऱ्या सत्तावीसवर नुसतं 'बायपास' एवढंच, जणू तो कुणाच्या ओळखीचाच नाही. पूर्वी लोक नकाशा बघायचे आणि मग रस्ता बघायचे. आता रस्ता समोर उभा असतो, त्यावर बोर्ड असतो, बोर्डावर हातभर अक्षरं असतात, आणि ही मंडळी मांडीवरच्या काचेत डोकं खुपसून पुलावर चाळीस टन घालतात. याला काय म्हणायचं?

पुलाच्या अगदी अलीकडे मामाच्या ताईचं घर. पुढच्या खोलीत तिचं शिवणयंत्र, दाराशी पत्र्याची पडवी आणि पडवीच्या कडेला किलोमीटरचा एक दगड. ट्रक पुलावर चढताना तिच्या फडताळातल्या कपबशा वाजायच्या. मग पुलाच्या दुसऱ्या कमानीला बोट जाईल एवढी भेग पडली. आणि गेल्या महिन्यात एका कंटेनरने वळताना पडवी खांबासकट ओढून नेली. ताई यंत्रावर होती. दचकून हात सरकला आणि सुई बोटातून आरपार गेली. ड्रायव्हर खाली उतरला, तिच्या रक्ताकडे बघितलं आणि फोन पुढे करून म्हणाला, "मावशी, माझी काय चूक? यात सत्तावीस दिसतोय!"

मामाने त्या दिवशी खात्याला अर्ज लिहिला. त्या अर्जाचं उत्तर द्यायला नव्या साहेबांनी त्याला सोमवारी खोलीत बोलावलं. साहेब वयाने लहान, इस्त्रीचा शर्ट, टेबलावर कागद एकही नाही.

"मामा, जुन्या रस्त्याबद्दल तक्रारी फार आहेत," साहेब म्हणाले. "दगडावर एक नंबर, नकाशावर दुसरा. लोक गोंधळतात."

"तेच म्हणतोय साहेब. नकाशावाल्यांना कळवा."

"नकाशा आपल्या हातात आहे का? दगड आपल्या हातात आहेत. शुक्रवारपर्यंत जुन्या रस्त्यावर परत सत्तावीस लिहून टाका. आणि पुलावरचे ते बंदीचे बोर्डही काढून घ्या. महामार्गावर बरे दिसत नाहीत."

मामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, रस्त्याचा नंबर सरकारने ठरवलाय. हुकूम तुमच्या मागच्या कपाटात आहे. दुसरा कप्पा, निळी फाइल."

"असेल. पण हुकूम वाचतं कोण? नकाशा कोट्यवधी लोक बघतात. तुमचा दगड किती जण वाचतात, सांगा बरं?"

"आणि पूल? पुलाचं काय?"

"पुलाचं टेबल वेगळं आहे," साहेब म्हणाले आणि त्यांचा फोन वाजला.

पुलाचं टेबल वेगळं! म्हणजे पूल एका टेबलावर पडणार, ताईचं घर दुसऱ्या टेबलावर दबणार, आणि दोन्ही टेबलांवरच्या लोकांना चहा मात्र एकाच किटलीतून येणार. मामा दोन दिवस कचेरीभर फिरला. हेडक्लार्कने कानावर हात ठेवले. वाहतूक शाखेने सांगितलं, लेखी द्या. लेखी दिलं तर म्हणाले, हे ज्या साहेबांच्या अखत्यारीत येतं त्यांच्याकडेच पाठवतो. म्हणजे पुन्हा त्याच साहेबांकडे. बुधवारी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा आवाज बसला होता.

लेक एका कुरियर कंपनीत कामाला होती. नकाशांशी तिचा रोजचाच संबंध. ती म्हणाली, "बाबा, कचेरीचं सोडा. नकाशातली चूक आपणही कळवू शकतो. मी तुमच्या अर्जाच्या दिवसापासून दोनदा कळवलंय."

"मग?"

"दोन्ही वेळा नाकारलं. 'पडताळणी होऊ शकली नाही' म्हणतात."

"पडताळणी? अगं, हुकूम आहे! शिक्का आहे! त्यांना हुकूम पाठव."

"पाठवायला जागाच नाही तिथे. रस्त्यावरचा फोटो चालतो फक्त." ती फोनवर बोट फिरवत होती. "थांबा. आज कारण दिलंय. त्यांच्याकडे जागेवरचा फोटो आहे म्हणे, त्यात सत्तावीसच दिसतो."

"दाखव. कुठला खोटारडा फोटो आहे तो, बघू तरी."

लेकीने फोटो मोठा केला आणि फोन त्याच्या हातात दिला. फोटो चांगला होता. पिवळ्या डोक्याचा दगड, खाली सत्तावीस, आणि सातच्या शेपटाला किंचित डावीकडे वळण. असा सात या जगात एकच माणूस काढायचा. दगडामागे पत्र्याची पडवी दिसत होती.

आकडेमामाने फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

तो दगड अण्णांनी शेवटचा रंगवलेला. त्याआधीच त्यांचा हात थरथरायला लागला होता, म्हणून ते मनगट दुसऱ्या हाताने धरून लिहीत होते. तो सात पूर्ण करून त्यांनी ब्रश मुलाच्या हातात दिला आणि त्यानंतर कधी घेतला नाही. पुढे नंबर बदलायची वेळ आली, मामा काळ्या रंगाचा डबा घेऊन ताईच्या दाराशी आला, तेव्हा ताई उंबऱ्यात उभी राहिली. "एवढा एक राहू दे रे," ती म्हणाली. "माझ्या दारात आहे. कोण बघतंय?" त्यालाही तेच हवं होतं. साहेब लोक तर गाडीची काचसुद्धा खाली करत नाहीत. त्याने डब्याचं झाकण लावलं, चाळीस दगड रंगवले आणि अहवालात एकेचाळीस लिहिले. पावसाळ्यानंतर दरवर्षी तो गुपचूप येऊन त्या एका दगडावर नवा रंग चढवायचा, अण्णांच्या रेषेवरून रेष, तसूभरही न हलवता. म्हणून तर फोटोत तो इतका ताजा दिसत होता.

स्वतःवर चिडायचं कसं, हे त्याला ठाऊक नव्हतं. मग तो लेकीवर चिडला. "चाळीस दगडांवर एकशे चौदा आहे, ते नाही दिसलं यांना? एक दगड दिसला फक्त?"

"पुलाजवळ सगळे थांबून फोटो काढतात ना, बाबा," लेक हळूच म्हणाली. "बाकीच्या दगडांचे कोण काढणार?"

शुक्रवार उजाडला. साहेबांनी दिलेला पिवळा रंग त्याने कपाटातच ठेवला आणि काळ्याचा डबा उचलला. ताईच्या दारासमोर गोणपाट अंथरून बसला, दगड फडक्याने पुसला आणि वरून सुरुवात केली. डोकं काळं झालं. खाली पांढरा हात मारला तेव्हा आधी दोन गेला, मग सात. सातचं शेपूट झाकायला ब्रश दोनदा फिरवावा लागला.

ताई बाहेर आली. बोटाला अजून पट्टी होती.

"हे काय करतोयस?"

"साहेबांचा हुकूम आहे," तो मान खाली घालून म्हणाला.

ताईने वाकून डब्यात पाहिलं. मग म्हणाली, "खोटं बोलू नकोस. साहेबांचा हुकूम असता तर तू आतापर्यंत गाव डोक्यावर घेतलं असतंस. असा मुकाट्याने रंगवत बसला नसतास."

मग त्याने सांगितलं. फोटो, नकाशा, सगळं. पडवी कशामुळे गेली, बोटात सुई कशामुळे गेली, पुलाची भेग कशाने वाढली. सांगताना त्याचा आवाज चढत गेला. नकाशावाले नालायक, साहेब नालायक, ड्रायव्हर आंधळे, हुकूम कपाटात सडतोय, आणि शेवटी, "आणि मी! मी दरवर्षी येऊन त्याला रंग देत होतो, ताई. माझ्याच हाताने!"

पुलावर एक ट्रक चढला. घरातल्या कपबशा वाजल्या. ताई ट्रक पलीकडे जाईपर्यंत पुलाकडे बघत राहिली.

"राहू दे म्हणणारी मीच ना?" ती म्हणाली. "मग आता नीट रंगव. तिथे खाली बघ, ओघळ आलाय. अण्णांना ओघळ चालायचा नाही."

त्याने ओघळ पुसला. एकशे चौदा लिहिलं. चार आपल्या पद्धतीने काढला, अण्णांच्या नव्हे. लेकीने संध्याकाळी फोटो काढून पाठवला, ताईचं दार आणि पूल मागे दिसेल असा.

नवव्या दिवशी नकाशा बदलला. सत्तावीस बायपासवर गेला आणि कंटेनरही त्याच्यामागे गेले. साहेबांनी वर कळवलं की खात्याच्या सततच्या पाठपुराव्याला यश आलं. पिवळ्या रंगाचं काय झालं, ते कुणी विचारलं नाही. बंदीचे बोर्ड जागच्या जागी राहिले. भेग मात्र अजून आहे, कारण तिचं टेबल वेगळं आहे.

लेकीच्या फोनवर नकाशावाल्यांचा निरोप आला. तिने तो वाचून दाखवला. "तुमच्या योगदानाबद्दल आभार. तुमचा फोटो आतापर्यंत तीनशे बारा जणांनी पाहिला आहे."

एकतीस वर्षांत खात्याने त्याचे आभार मानले नव्हते. मानले ते या लोकांनी, आणि तेही अण्णांचा सात पुसल्याबद्दल. मामाचे कान लाल झाले.

"त्यांना विचार," तो म्हणाला, "आधीचा फोटो किती जणांनी पाहिला होता. सत्तावीसचा. विचार त्यांना!"

लेकीने पान वरखाली करून पाहिलं. जुना फोटो त्यांनी काढून टाकला होता, आणि प्रश्न विचारायला तिथे जागा नव्हती.