पाव आटा मागे

आमच्या घरात एक विनोद दहा वर्षं सांगितला जातो आहे. माझी नात नऊ वर्षांची असताना दातांच्या प्लेटचा स्क्रू गुपचूप उलटा फिरवत असे, आणि पकडली गेल्यावर म्हणाली, "अज्जांनी धुतलं की तो आपोआप सैल होतो." एवढं बोलून माझी मुलगी थांबते आणि पाहुणे हसतात. बारसं असो, साखरपुडा असो, गौरीचं जेवण असो. मीही हसलो आहे; अज्जा म्हणजे मी, तिचा आजोबा. हा विनोद खोटा आहे, आणि ते माहीत असलेला मी एकटाच होतो.

लिहायला बसलो खरा, पण बसवत नाही. दोन ओळी झाल्या की उठतो, गॅलरीत जातो, खाली गेटची कडी बघतो, परत येतो. कडीचं पुढे सांगतो.

मी एका सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर दोन वर्षांत बायको गेली आणि मी बसवनगुडीला मुलीकडे राहायला आलो. जावई फिरतीवर, मुलगी ऑफिसात. शाळेतून नातीला आणायचं, तिला खाऊ घालायचं, हे माझं काम झालं. मला ते फार आवडायचं. कारखान्यानंतर पहिल्यांदाच कोणीतरी माझी वाट बघत होतं.

नातीचा वरचा जबडा अरुंद होता. खालचे दात वरच्यांच्या बाहेर बसायचे. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी टाळूला बसणारी प्लास्टिकची प्लेट करून दिली. जांभळ्या रंगाची, आत चमकी घातलेली. रंग नातीनेच निवडला होता. प्लेटच्या मधोमध बारीक स्क्रू. दर रविवारी तारेच्या चावीने तो बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवायचा, म्हणजे प्लेट केसभर रुंद होते आणि वाढता जबडा हळूहळू तिच्यामागे जातो. जेवताना काढायची, एरवी दिवसरात्र तोंडात.

मुलीने हे काम मनावर घेतलं. रविवारी तेल लावून नातीला न्हाऊ घालायची, केस पुसता पुसता स्क्रू फिरवायची आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल ठिपका द्यायची.

सोमवारी दुपारी नात शाळेतून यायची ती गाल धरून. प्लेट काढून डबीत ठेवायची आणि खायला बसायची. एका सोमवारी मी तिच्या आवडीची कडक, खुसखुशीत कोडबळी आणली होती. तिने एक उचललं, चावलं आणि खाली ठेवलं.

"ओढतंय अज्जा. सगळे दात ओढतायत."

"स्वल्प होणारच. डॉक्टर म्हणाल्यात ना?"

"तुम्ही घालून बघा मग!"

मी प्लेट धुवायला नेली. नळाखाली धरली आणि स्क्रूकडे बघत राहिलो. आयुष्यभर स्क्रूच बघितलेले. भोकात आटे पाडायला टॅप नावाचं हत्यार घालतात तेव्हा ते सरळ आत रेटत नाहीत. अर्धा फेरा पुढे, पाव आटा मागे. मागे घेतला नाही तर कीस अडकतो, टॅप मोडतो. नव्या पोरांना मी हेच शिकवायचो: जोर लागतोय तिथे मागे ये. या डॉक्टरीणबाई तिशीतल्या, नुसत्या पुढेच चालल्यात, असं मला वाटलं. डबीच्या झाकणातली चावी काढली आणि पाव आटा मागे घेतला.

नातीने प्लेट लावली. जीभ फिरवून पाहिली. "बरं वाटतंय! काय केलंत?"

"गार पाण्याने धुतलं. धुतलं की सैल होतं."

तिने सगळी कोडबळी संपवली.

पुढच्या सोमवारी तिने स्वतःच डबी माझ्यापुढे धरली. "धुवा ना." असे सात सोमवार झाले. त्यातल्या पहिल्या सोमवारची चूक मी अजूनही समजू शकतो. दुसऱ्यापासून मला कळत होतं की हे टॅपचं काम नव्हे. हाड आणि लोखंड यांतला फरक न कळण्याइतका मी मूर्ख नव्हतो. पण ती डबी पुढे करायची तेव्हा तिचा जो चेहरा व्हायचा, तो मला हवा असायचा.

दोन महिन्यांनी दाखवायला गेलो, तिघंही. डॉक्टरीणबाईंनी प्लेट दिव्याखाली धरली.

"किती वेळा फिरवलात?"

"आठ रविवार," मुलगी म्हणाली. तिने कॅलेंडरचा फोटो दाखवला. लाल ठिपके.

"आठ वेळा फिरवला तर इथे फट दिसायला हवी. हा जवळजवळ नव्यासारखा आहे." त्या खुर्चीतल्या नातीकडे वळल्या. "पुट्टी, तू चावीशी खेळतेस का? खरं सांग, मी रागावणार नाही. दुखतं म्हणून काही मुलं उलटा फिरवतात."

"नाही."

"मग कोणी फिरवला?"

"कोणी नाही. अज्जा धुतात ना, मग सैल होतो."

डॉक्टरीणबाई हसल्या. मुलगीसुद्धा हसली, पण ओठ आवळून. नात माझ्याकडे बघत होती. आता अज्जा सांगतील, अशा खात्रीने बघत होती.

मी म्हणालो, "लहान आहे. सोडा."

माझ्या तोंडून एवढंच आलं. सोडा म्हणजे तिने केलं आहे, पण माफ करा. त्या खोलीत तिच्या विरुद्ध पडलेली शेवटची साक्ष माझी होती.

रिक्षात मुलगी तिला म्हणाली, "दुखतं म्हणून केलंस, हे मी समजू शकते. खोटं का बोललीस?"

"मी नाही बोलले."

"परत!"

घरी आल्यावर नातीला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. खरं बोलेपर्यंत उठायचं नाही. अवरेकाळूचे दिवस होते. पावट्याचे दाणे भिजवून एकेक चिमटीत दाबायचा, दाणा बाहेर उडतो, साल हातात राहते. मी समोर बसून दाणे सोलत होतो. ती "नाही" म्हणत होती, मी सोलत होतो. ती रडली, मी सोलत होतो. पातेलं भरत आलं तेव्हा ती एकदम शांत झाली आणि म्हणाली, "हो. मीच फिरवला."

"बघा अण्णा," मुलगी म्हणाली. "शेवटी आलं की नाही तोंडातून?"

चावी मुलीच्या पर्समध्ये गेली. प्लेट काम करू लागली. वर्षभरात जबडा रुंद झाला, दात जागेवर आले. नातीचं हसू आज छान दिसतं. मी दोन महिने वाया घालवले, पण दातांचं नुकसान झालं नाही, याच्या आडोशाला मी दहा वर्षं लपलो. घरात मात्र शब्द रुजला. परीक्षेत मार्क कमी पडले, "पेपर अवघड होता की उलटा स्क्रू?" उशीर झाला, "बस खरंच चुकली ना?" सगळं हसत हसत.

यंदा गौरीच्या जेवणाला मुलीने तो किस्सा पुन्हा सांगितला. नात आता एकोणीस वर्षांची आहे, कोरमंगलात पीजीमध्ये राहते, सणासाठी आली होती. कोणीतरी विचारलं, "काय गं, कशी फिरवायचीस?" ती हसली आणि म्हणाली, "मला आठवतच नाही. पण केलं असणार."

केलं असणार. घास माझ्या हातात राहिला.

त्या संध्याकाळी ती निघाली. गेटची कडी लावली, वीस पावलं गेली, परत आली, कडी ओढून पाहिली, गेली, पुन्हा आली. मी वरून बघत होतो. तिच्या आईला विचारलं तर म्हणाली, "तिला सवयच आहे. गॅस तीनदा बघते."

चार दिवस मला घरात चैन पडेना. पाचव्या दिवशी रिक्षा करून कोरमंगला गाठलं. नात धावत खाली आली, "काय झालं? आई बरी आहे ना?" कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्यानेच कॉफी घेतली. एका दमात सगळं सांगितलं.

तिने कप ओठांपासून खाली घेतला.

"दर सोमवारी?"

"सात सोमवार."

"म्हणजे मी खरंच फिरवला नव्हता?"

"एकदाही नाही."

"अज्जा," ती म्हणाली, "तुम्हाला माहितीये, मी आईच्या पर्सच्या चेनला माझा केस बांधून ठेवायचे? मी झोपेत चावी काढते का ते बघायला. सकाळी केस तसाच असायचा. मग वाटायचं, झोपेतच परत बांधत असेन."

मी तिचा हात धरायला गेलो. तिने कप त्याच हातात घेतला.

"आईला सांगा. रविवारी, मी समोर असताना. आणि मायेपोटी केलं असं म्हणू नका. धुताना मायेपोटी असेल. डॉक्टरांकडे नव्हतं."

"सरी, सांगतो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

रविवारी सांगितलं. मुलगी कणीक मळत होती. ऐकून घेतलं आणि हसायला लागली.

"अण्णा, पुरे! अजून तिला वाचवताय? अगं, काय जादू केलीस यांच्यावर?"

नात दाराशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, दहा वर्षांपूर्वी खुर्चीतून पाहिलं होतं तसंच.

कपाटात मुलीने नातीच्या दुधाच्या दातांबरोबर त्या जांभळ्या प्लेटची डबीही चावीसकट जपून ठेवली आहे. मी ती आणली. एका हाताच्या तळव्यावर प्लेट उलटी धरली, चष्मा नव्हता, बघायची गरजही नव्हती. चावी भोकात घातली, अंगठ्याने प्लेट अडवली, बाणाच्या उलट पाव फेरा. पुन्हा पाव. पुन्हा. मधली फट मिटत गेली.

मुलीचं हसू थांबलं. कणकेचे हात तसेच धरून ती माझ्या अंगठ्याकडे बघत होती. कोणी शिकवल्याशिवाय किंवा वारंवार केल्याशिवाय असा हात बसत नाही, हे तिला कळलं. टूलरूमवाल्याचीच मुलगी.

ती वळली. नातीला म्हणाली, "मग तू त्या दिवशी हो का म्हणालीस?"

"तू नाही ऐकतच नव्हतीस."

मुलगी खाली बसली. पिठाच्या हातांनीच तोंड झाकलं. नात तिच्याजवळ गेली, खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. मी डबी बंद करून बाहेर आलो. तिथे माझं काम नव्हतं.

संध्याकाळी नात निघाली तेव्हा मी गॅलरीत होतो. तिने कडी लावली, कोपऱ्यापर्यंत गेली, थबकली, परत वळली.

मी वरून ओरडून सांगितलं, "लागलीये गं कडी! मी बघितलं!"

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग गेटपाशी आली आणि कडी हाताने ओढून पाहिली.